पान उलटायची जागा

आमच्या घरात वाचन कानानं चालायचं. माय चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि ओसरीवर गुरुजी धडा म्हणायचे. गुरुजी म्हणजे आमचे वडील. त्यांना बाबा, अण्णा असं काही म्हणायची सोयच नव्हती. दर्यापूर तालुक्यातल्या त्या काळ्या मातीच्या गावात ते सगळ्यांचे गुरुजी होते, म्हणून आमचेही गुरुजीच. मायसुद्धा आतून हाक मारायची ती "गुरुजी, पानी तापलं" अशीच. ते एक वाक्य म्हणणार, ओसरीवर जमलेली आम्ही सगळी पोरं ते मागून म्हणणार, आणि प्रत्येकाचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून सरकत जाणार. पान संपलं की गुरुजी नुसतं "हं" म्हणायचे, की सगळ्यांची पानं एकदम फडफडायची. आतून थाप, बाहेरून धडा, मग हं, मग फडफड. भाजल्या ज्वारीचा वास आणि तव्यावर परतलेल्या मिरच्यांचा ठसका या सगळ्यात मिसळलेला असे, आणि धडा म्हणता म्हणता अर्धी पोरं खोकत असत. आजही कुठं मिरचीचा ठसका लागला की मला माझं बोट ओळीवर असल्यासारखं वाटतं.

गुरुजींची शाळा एकशिक्षकी. एक खोली, चार वर्ग, दारात कडुनिंब. शाळेतही हीच रीत. "बोट ठेवा, तोंडानं म्हना, अक्षर आपोआप डोक्यात जाते," हे त्यांचं शास्त्र. आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याच जणांच्या डोक्यात ते जायचंही. माझ्या गेलं. कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही; एक दिवस दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आपली आपण बोलायला लागली. पंचक्रोशीत बोलबाला होता की या शाळेतलं पोट्टं घडाघडा पुस्तक वाचते. तपासणीला साहेब आले की गुरुजी कोणालाही उठवायचे, पोरगं पुस्तक धरून तालासुरात धडा म्हणायचं, आणि साहेब चहा पिऊन, शेरा चांगला लिहून पुढच्या गावाला जायचे. साहेब तरी कुठं वाचायला शिकले होते निराळ्या रीतीनं! त्यांनाही हाच सूर वाचनाचा सूर वाटायचा.

माझी थोरली बहीण शकुंतला, आमची शकू, ही त्या सुरातली राणी. आवाज असा की माय थापता थापता थांबायची. एकदा ऐकलं की पाठ. कोणाच्या लग्नात कोणत्या पंगतीला काय वाढलं, एसटीतल्या बाया कोणाबद्दल काय कुजबुजल्या, सगळं शब्दाला शब्द. अक्षर तर रांगोळी काढल्यासारखं. पुस्तक समोर ठेवलं की हुबेहूब उतरवून काढायची. फक्त शुद्धलेखनाच्या वेळी ती माझ्या शेजारी येऊन बसायची. मी दुसरीत, ती चौथीत, पण पाटी ती माझी पाहायची. घरी गोठ्यामागं बसून मला म्हणायची, "विमल, हा नवा धडा वाचून दाखो ना व, तुहा आवाज चांगला हाय." माझा आवाज म्हणजे फुटका डबा. पण थोरल्या बहिणीनं चांगला म्हटलं की फुशारून मी वाचायची. दोनदा वाचलं की तिला पाठ, आणि तिसऱ्यांदा ती मलाच वाचून दाखवायची, बोट ठेवून, पानबिन उलटून.

तिच्या मुलीनं, पुष्पानं, मध्ये मला विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं तर तू सांगितलं का नाहीस?" काय सांगायचं गं बाई? दुसरीतली पोर मी. मला वाटायचं, वाचणं म्हणतात ते यालाच. असा दोष अंगाला लावून घ्यायला मी तयार नाही. म्हातारपणी उगाच जुनी पापं उकरून रडणारी माणसं मला आवडतही नाहीत. ज्यांना कळायला पाहिजे होतं ती मोठी माणसं त्या घरात होती, आणि त्यांतलं एक तर मास्तर होतं.

गावची शाळा चौथीपर्यंत. पुढं दर्यापूर. चौथीची केंद्र परीक्षाही दर्यापूरलाच, परक्या मास्तरांपुढं, आणि ती पास झाल्याशिवाय पाचवीत नाव नाही. आमची आत्या अकोल्याला खानावळ चालवायची. दर दिवाळीला आली की शकूचे हात हातात घेऊन पाहायची आणि म्हणायची, "दादा, पोरीच्या जातीले शाळा कायले? मले दे हिले. पोया लाटीन, चार लोकाईत राहीन." गुरुजी हसायचे. त्यांनी ठरवून टाकलं होतं: शकू पाचवीला दर्यापूरला जाणार, पुढं अमरावतीला राहून शिकणार आणि मास्तरीण होणार. त्या काळात आमच्या गावात पोरीबद्दल असं बोलणारा दुसरा बाप नव्हता, हेही लिहून ठेवते. त्या दिवाळीला ते फुशारकीनं म्हणाले, "चौथी नापास झाली त ने तुह्याकडं, जा!" आणि सगळे हसले. आत्याही हसली. शकू मात्र उठून पाणी आणायला गेली.

परीक्षेला गुरुजी सगळ्या चौथीला घेऊन खाचरातून, म्हणजे बैलगाडीतून, निघाले. मी दर्यापूर पाहायचं म्हणून रडून त्यांच्यात शिरले. मायनं भाकरी, ठेचा आणि शकूसाठी वेगळा गुळाचा खडा बांधून दिला. वाटेत जिनिंगचा भोंगा झाला आणि बैल बुजले. शकू सारा रस्ता ओठ हलवत होती. नावाड्याचा धडा. गुरुजींना खात्री होती की परीक्षेत तोच येणार, वर्षानुवर्षं तोच येत होता. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलापलीकडं एक किडकिडीत गुरुजी बसले होते, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. बाकीच्या गावांचे मास्तर भिंतीला टेकून उभे. पहिल्यांदा शकूचं नाव पुकारलं. आमचे गुरुजी दारात उभे राहिले, हात मागं बांधून, आणि मी त्यांच्या धोतराआडून पाहत होते.

नावाड्याचाच धडा निघाला. पण पुस्तक नवं होतं. त्याच धड्याचं नव्यानं छापलेलं पुस्तक, अक्षर जरा बारीक, कागद पांढरा. आमच्या गावात अजून तसं आलं नव्हतं. शकूनं बोट ठेवलं आणि सुरू केलं. "नदी भरून आली होती. काठावर माणसांची दाटी झाली होती." भिंतीला टेकलेले मास्तर सावरून उभे राहिले, इतकं गोड ते कानाला लागत होतं. "नावाड्याने आकाशाकडे पाहिले आणि", इथं तिनं पान उलटलं, "तो म्हणाला, आज नाव सोडायची नाही." आणि ती पुढं वाचत राहिली.

त्या किडकिडीत गुरुजींनी हात वर केला. नव्या पुस्तकात ते वाक्य पानाच्या मध्यावरच होतं. खाली बऱ्याच ओळी शिल्लक होत्या. त्यांनी पान परत मागं घेतलं, तिच्याकडं पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, हा शब्द वाच बरं." एकच शब्द. बोट त्यांचं. शकू त्या शब्दाकडं पाहत राहिली. मला दारातून दिसत नव्हता, नाहीतर मी ओरडून सांगितला असता. तिनं घाईघाईनं धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. "तसं नको, हा नुसता." मग दुसरा शब्द, मग त्याहून लहान, मग एक अक्षर. शेवटी ते गुरुजी आमच्या गुरुजींकडं वळून म्हणाले, "गुरुजी, हिले अक्षरओळख नाई."

भिंतीजवळ कोणीतरी फिसकन हसलं. मग त्यांनी बाकीच्या पोरांनाही तसंच विचारलं, मधलाच शब्द, खालचीच ओळ, आणि आमची अजून दोन पोरं अडकली. येताना खाचरात शकू माझ्या शेजारी बसली होती. गुळाचा खडा शकूच्या मुठीत विरघळून हात चिकट झाला होता, तो तिनं घरी येईपर्यंत उघडला नाही. परीक्षकांनी एवढी दया केली होती की शाळा उघडताना फेरपरीक्षा घेईन म्हणाले. म्हणजे उन्हाळा हातात होता. तेवढ्यात शकूला अक्षर यायचं, नाहीतर अकोला.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. आजवर त्यांनी पोरीला बोट लावलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर जे झालं ते मी पुढं कोणत्या शाळेत होऊ दिलं नाही, इतकंच सांगते. भिंतीवर कोळशानं मुळाक्षरं काढली. सकाळी भाकर खायच्या आधी शकूला भिंतीसमोर उभं करायचे. काल आलेला "भ" आज "म" व्हायचा, "ब" आणि "व" तर तिला एकच दिसायचे. "मुद्दाम करून राहिली तू! अख्खं पुस्तक पाठ होते आन एक अक्षर ध्यानात राहत नाई? मुद्दाम करते, भैताड!" त्यांना खरंच तसं वाटत होतं. एवढी हुशार पोर, तिला न यायला दुसरं कारण काय असणार? तालुक्यात त्यांचं हसं झालं होतं, तेही पोटात होतंच. दुपारच्या उन्हात, मग दिवेलागणीला, तेच तेच. आधी तिला दहा-वीस अक्षरं येत होती, आठवड्याभरात तीही गेली. गुरुजींची वहाण वाजली की ती उभ्या जागी परकर भिजवायची. मायनं कपड्यांच्या गाठोड्यातलं जुनेर फाडून तिला घड्या करून दिल्या, त्या मीच धुतल्या आहेत. धडे म्हणणंही बंद झालं. घरात भाकरीची थाप तेवढी राहिली.

मग एक दिवस त्यांनी तिच्या डाव्या कानावर मारली. एकच. शकू खाली बसली आणि कान धरून तशीच बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. रात्रीपर्यंत कान वाहायला लागला. मायनं लसणाचं तेल कोमट करून घातलं, कोणी सांगितलं तो पाला पिळून घातला. कान सुकला, पण त्या बाजूनं हाक मारली तर ती वळायची नाही. त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर तिला पुन्हा उभं केलं, कारण फेरपरीक्षा जवळ आली होती. मायनं परात खाली ठेवली, पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरगी जित्ती पायजे का पास पायजे?" गुरुजींनी कोळशाचा तुकडा हातात फिरवला. मायनं तिथल्या तिथं शकूची वेणी घातली, गाठोडं बांधलं आणि दुपारच्या एसटीनं तिला अकोल्याला आत्याच्या खानावळीत नेऊन सोडलं. तिला वाचवायचा त्या बाईला दुसरा रस्ता दिसला नाही. जाताना शकू मला म्हणाली, "माही पाटी तुले घे." पुढं गुरुजींची शाळा तशीच चालली. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. भिंतीवरची मुळाक्षरं मायनं शेणानं सारवून टाकली, पण कोळसा दर पावसाळ्यानंतर खालून वर यायचा.

मास्तरीण मी झाले. हेडमास्तरीण होऊन रिटायर झाले. मग अमरावतीच्या एका प्रशिक्षणात मला नुसतं पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मेंदू कसा शिकतो आणि त्याप्रमाणे वर्गात कसं शिकवावं, असा विषय. मास्तर मंडळी मोबाईल पाहत होती आणि जेवणाची वाट बघत होती. मीही पोह्याची बशी घेऊन मागं बसले होते. पडद्यावर मेंदूचं चित्र लावून एक तरणा पोरगा शांतपणे सांगत होता. बोलणं माणसाला उपजत येतं, वाचणं येत नाही. अक्षर पाहणारा मेंदूचा भाग आणि आवाज ओळखणारा भाग यांच्यामध्ये वाट पाडावी लागते. काही मुलांची ती वाट फार उशिरा पडते, त्यांना एकेक आवाज सुटा करून, हातानं गिरवून, थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ देऊन शिकवावं लागतं. आणि याचा हुशारीशी काही संबंध नाही. मग म्हणाला, भीती वाटली की डोकं जीव वाचवायच्या मागं लागतं, तेव्हा शिकणं होतच नाही, आलेलंही आठवत नाही. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी उठून विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" तो म्हणाला, "मॅडम, याला बरीच वर्षं झाली." "मग आमच्यापर्यंत यायला एवढा उशीर का?" पोरगा बिचारा गोंधळला. त्याचा काय दोष! पण मला कोणावर तरी चिडायचं होतं.

तेव्हापासून अंगात बळ आहे तोवर मी धारणीकडच्या डोंगरातल्या शाळांमध्ये जाते. जीप हाडं खिळखिळी करते. पोरं घरी कोरकू बोलणारी, पुस्तक मराठी. आणि मास्तर कौतुकानं धडा म्हणवून घेतो तेव्हा सूर थेट आमच्या ओसरीचा. मी पोराजवळ जाऊन बसते, चित्रावर हात ठेवते आणि खालच्या ओळीतला मधलाच शब्द विचारते. हळूच, त्याच्या एकट्याच्या कानात, चारचौघांत नाही. मग टाळ्या वाजवून आवाज सुटे करायचे, रेतीत अक्षर गिरवायचं, आजचं परवा विचारायचं, परवाचं आठ दिवसांनी. "मॅडम, यात लय वेळ जाते," मास्तर म्हणतो. जाऊ दे म्हणते मी. काहींना येतं. काहींना यायला लागतं तोच बाप कामाला दूर घेऊन जातो, आणि पुढच्या खेपेला ती जागा रिकामी असते. फार गोड गोड सांगण्यासारखं त्यात काही नाही.

प्रशिक्षणानंतर मी आधी अकोल्याला गेले होते. खानावळ आता पुष्पा चालवते. शकू मागच्या खोलीत खाटेवर बसून लसूण सोलत होती, अंगावर कूलरचं वारं. डावा कान तर केव्हाचाच गेला, आता उजव्यानंही कमीच ऐकू येतं. मी उजव्या बाजूला बसून ओरडले, "शकू, तू ढ नव्हतीस! तुझ्या डोक्याची घडणच निराळी होती! अक्षर आवाजापर्यंत पोचत नव्हतं!"

"काय नव्हतं?"

पुष्पानं कूलर बंद केला. मी पुन्हा सगळं सांगितलं, मेंदू, वाट, भीती, सगळं. तिचे हात सोलत राहिले.

"कोन म्हनते असं?"

"डोक्याचे डॉक्टर म्हणतात."

"गुरुजीले मालूम होतं का हे?"

"नाही. आपल्याकडं कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा."

तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "मंग त्याहिनं तरी काय करावं," ती म्हणाली. मग पुढची पाकळी सोलता सोलता, माझ्याकडं न बघता, "ते म्हनत ना व, मुद्दाम करते. मले समजेच ना. मंग मी म्हनो, करून राहिली असन आपन मुद्दाम. गुरुजी काय खोटं बोलतीन?" एवढं म्हातारपण आलं तरी त्या बाईला तेच वाटत होतं. पुष्पा तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही कुठं ठेवावं ते कळेना.

मग शकूनं ताट बाजूला सारलं, हात पुसले आणि समोरच्या चादरीवर बोट ठेवलं. आवाज फाटला होता, पण सूर तोच. "नदी भरून आली होती. काठावर माणसांची दाटी झाली होती." बोट चादरीवरून सरकत होतं, ओळ संपली की परत डावीकडं येऊन जरा खाली उतरत होतं. "नावाड्याने आकाशाकडे पाहिले आणि". तिनं चादरीवरून हात फिरवून पान उलटलं, आणि थांबली.

"आपल्या पुस्तकात पान इथंच होतं ना व, विमल?"

"इथंच होतं," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तिच्या उजव्या कानाशी वाकून ओरडले, "इथंच होतं, शकू! इथंच होतं!"